असील हातात धरायला शिकवणाऱ्या चाचांना

चाचा, सलाम.

तुम्ही फोनवर वाचत बसत नाही, तुमचा नातू वाचून दाखवील म्हणून लिहायलेय. आणि सगळ्यांना दिसेल असंच लिहायलेय, कारण आपल्या बेळगावकडच्या खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी भागात आता लई जण जवारी म्हणजे गावठी कोंबड्या सोडून असील जातीकडं वळायलेत आणि माझ्यासारखेच फोटोत रंग बघून पैसे देऊन मोकळे होतात. त्यांच्याबी कामाला येऊदे.

दोन वर्षांमागं मी एक कोंबडा आणि दोन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, साडेनऊ हजाराला घेतल्या. ज्यांच्याकडनं घेतल्या त्यांचं नाव घेत नाही, "शंभर टक्के प्युअर" म्हणून दिलं होतं एवढंच. आमच्या ह्यांना उद्यमबागच्या फौंड्रीत बोनस मिळालेला त्यातले पैसे, म्हणून जिवाला जास्तच लागलं. कोंबड्याचा रंग असा की तेल लावल्यासारखी मान चमकायची. खुडूक जवारी कोंबडीखाली ११ अंडी ठेवली, २१ दिवसांनी ९ पिल्लं निघाली, आणि दीड-दोन महिन्यांत बघते तर दोन पिल्लांच्या डोक्यावर सरळ उभा, करवतीसारखा दात्यांचा तुरा! आई-बाप दोघांचाबी तुरा बसका आणि पिल्लं अशी कशी? शेजारी म्हणाले गिरिराजा ह्या संकरित जातीचा कोंबडा आत शिरला असणार, खरं माझ्या खुराड्याला चारी बाजूनं जाळी, दुसरा कोंबडाच नव्हता. चार-पाच रात्री झोप नाही मला.

संकेश्वरच्या दुकानात खाद्य घेताना तुमचं कळलं. तुम्ही मला ओळखतबी नव्हता, तरी दोन बस बदलून आलासा, ह्या वयात, त्या पावसात, आणि चहा ठेवते म्हटलं तर म्हणालासा, "चहा मागनं, आधी कोंबडा आण बेटी."

त्या दिवशीचं मला सगळं आठवतं. तुम्ही कोंबडा छातीखाली तळवा घालून उचलला, पाय बोटांच्या मधे, डोकं तुमच्या काखेकडं, आणि फडफड करणारा तो एकदम गप्प झाला. मग माझ्या हातात दिला आणि म्हणालासा डोळे मिट. डोळे उघडे असले की रंगच दिसतो, म्हणालासा. मिटल्या डोळ्यांनी मी छातीच्या हाडावरनं बोट फिरवलं, पाठीवर हात ठेवला, खांदे रुंद आणि मागं निमुळतं होत जातंय ते कळलं, पिसं अंगाला घट्ट चिकटलेली, जवारी कोंबडीच्या पिसासारखी मऊ नाहीतच मुळी, कडक. मग पंख उघडून दाखवला. बाहेरची १० मोठी पिसं, मग एक छोटं एकलं पीस, मग आतली रांग, आणि ह्या दोन रांगांच्या मधे फट पडली तर तो पंख फुटका. असली फट असते हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. डोळा मोत्यासारखा फिकट पाहिजे, खरं कोवळ्या कोंबड्याचा पिवळसर असला तरी घाई करू नको, वयानं निवळतो, हेबी तेव्हाच सांगितलं.

आणि तुरा. तुम्ही त्याच्यावर अंगठा फिरवून म्हणालासा, मधली ओळ जरा जास्तच उभी आहे. असीलचा तुरा तीन बुटक्या ओळींचा, मधली थोडीशीच वर. ह्याच्या मागच्या पिढीत कुठंतरी गिरिराजासारख्या सरळ तुऱ्याच्या कोंबडीचं रगत आलंय, बसका तुरा वरचढ असतो म्हणून सरळ तुरा आत दडून राहतो, आणि आई-बाप दोघांच्यात दडलेला असला की चारात एक पिल्लू सरळ तुऱ्याचं निघतं. ९ मधे २, म्हणजे हिशेब बरोबर जुळला. मग तुम्हीच सांगितलं की ह्याला साध्या सरळ तुऱ्याच्या जवारी कोंबडीवर सोड आणि पिल्लं बघ, एकजरी सरळ तुऱ्याचं निघालं तर हा पक्का नाही. सोडला. १० पिल्लांत ४ सरळ निघाली. वाईट वाटलं, खरं त्या दिवसानंतर झोप लागायला लागली, कारण मला निदान समजलं तरी काय झालं होतं ते.

सगळ्यात जास्त आभार सर्जासाठी मानायचेत. त्याच ९ मधला तो, मी हातानं भरवून वाढवलेला. शेतकी प्रदर्शनात नेला तर पहिला नंबर आला, माझी पोरगी फोटो घेऊन सगळ्या शाळेत फिरली. तुम्हाला मोठ्या आनंदानं दाखवायला आणला तर तुम्ही खिशातनं सुतळी काढून त्याच्या मानेपासनं शेपटीच्या बुडापर्यंत वरनं धरली. शेपूट डावीकडं. हात लावून सरळ केली, सोडली, परत डावीकडं. "नंबर आला, आनंद कर बेटी, खरं ह्याला जोडीत घालू नको." मी रडले तर उठून गेला नाही, बसून राहिलासा आणि समजावलं.

तेव्हा जे सांगितलं ते मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. प्रदर्शनातला माणूस समोरचा पक्षी बघतो, पाळणाऱ्यानं त्याच्या मागं काय आहे आणि पुढं काय येणार ते बघायचं. तुरा चावून फाटलेला, पीस तुटलेलं, मोल्टिंगमधे म्हणजे पिसं झडताना उघडा पडलेला, हा प्रदर्शनात मागं पडणार, खरं जोडीला चालतो, कारण फाटलेला तुरा पिल्लांत उतरत नाही. वाकडी शेपूट उतरते. आणि माझ्या तलंगेचं छातीचं हाड वाकडं होतं त्याला तुम्ही रगताआधी खुराडं बघितलं! मी बसायला पातळ पाइप लावला होता, कोवळं हाड त्याच्यावर दबून वाकलं असणार. पाइप काढून दोन इंच रुंद फळी लावली, त्यानंतरच्या पिल्लांत एकाचंबी हाड वाकडं नाही. बोटं मुडपलेली असली तर खाद्यात बी-टू जीवनसत्त्व कमी आहे का बघ, फरशी घसरडी आहे का बघ, मग आई-बापाला दोष दे, हेबी तुमचंच. मी तर त्या तलंगेला सरळ विकून टाकणार होते.

पुस्तकाचंबी सांगते, कारण आपल्याकडं पोरं मोबाईलवर अमेरिकेचा स्टँडर्ड, म्हणजे कोंबड्यांच्या जाती कशा असाव्यात ते सांगणारं पुस्तक, काढून भांडत बसतात. तिथल्या पोल्ट्री असोसिएशनचं हे पुस्तक १८७४ पासनं आहे, असील त्यात आला १९८१ ला, आणि त्यात मोठ्या कोंबड्याचं वजन साडेपाच पौंड, म्हणजे अडीच किलो. आपल्याकडचा असील ४ ते ५ किलो भरतो. मी तो आकडा वाचून माझा ४ किलो २०० चा कोंबडा दोषी धरून बसले होते. तुम्ही म्हणालासा पुस्तक खोटं नाही, खरं ते त्यांच्याकडं पोचलेल्या पक्ष्याचं माप आहे. उभं राहणं, डोळा, तुरा, घट्ट पीस, हे त्यातनं शीक, वजन आपल्या पक्ष्याचं बघ. हरियाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय पशू ब्युरोकडं आपल्या जातींची नोंद असते, तीबी वाच म्हणून तुम्हीच सांगितलं.

अजून एक. सर्जाचा नंबर आल्यावर झुंजीसाठी मागायला माणसं आली, पंचवीस हजारपर्यंत गेले. त्या दिवशी नेमके तुम्ही होता. १९६० च्या कायद्यानं झुंज लावणं गुन्हा आहे हे तुम्ही त्यांना शांतपणे सांगितलं आणि दारातनंच परत पाठवलं. असील म्हटलं की लोकांना झुंजच आठवते, आणि तुम्ही एवढी वर्षं नुसता पक्षी नीट रहावा म्हणून सांभाळताय, ह्याची किंमत कुणी केली नाही.

शेवटी जाताना तुम्ही तुमची चार वर्षांची म्हातारी कोंबडी पिशवीत घालून दिली, आणि एक कोंबडा वर्षभरासाठी, तुमचा आधीच तपासलेला. पैसे धरले नाहीत. मी म्हटलं एवढी जुनी कोंबडी अंडी घालेल का, तर म्हणालासा जी चार वर्षं जगून अजून घालते तिचीच पिल्लं ठेवायची असतात.

चाचा, तिनं घातली. १३ पिल्लं आहेत, सगळ्यांचे तुरे बसके, मानमोडीची लस दिली, पायात रंगीत कड्या घातल्यात, वहीत प्रत्येकाचं पान आहे. सर्जा अंगणात आहे, मजेत आहे, जोडीत नाही. दोन तलंगांच्या पाठी मला चांगल्या वाटायलेत, खरं मी अजून मन घट्ट करून ठरवत नाही. दसऱ्याला १६ आठवडे भरतात. कोंबडा परत द्यायला येते तेव्हा दोघींना डालग्यात घालून आणते, डोळे मिटून आधी मी सांगते, मग तुम्ही हात फिरवा.

तुमची बेटी,
खानापूर तालुका