हॉल ठरवण्याआधी

कोल्हापूर

चि. सुजाता,
सप्रेम जयभीम.

तू पाठवलेलं ध्यानाच्या कोर्सचं पत्रक मिळालं. सहा आठवडे, शनिवार-रविवार ऑनलाइन, शेवटी ‘सर्टिफाइड मेडिटेशन टीचर’, आणि लवकर भरले तर फीत सवलत. तुझ्या आईनं त्यातला मास्टरांचा फोटो मोठा करून पाहिला. मरून शाल, मागं बुद्धमूर्ती आणि मूर्तीच्या मांडीवर पेटती मेणबत्ती. “मांडीवर कुणी मेणबत्ती ठेवतं होय?” एवढं म्हणून तिनं फोन माझ्याकडं दिला. फीचे पैसे आणि पुढं तुझे स्वतःचे वर्ग घ्यायला राजारामपुरीतला हॉल, दोन्हीचं विचारलंयस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

आधी तुझाच मुद्दा घेतो. बाबासाहेब भिक्खू नव्हते, तरी १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी लाखोंना दीक्षा दिली, मग अधिकार कुणाकडं मागायचा, असं तू म्हणतेस. दिली, खरंय. पण त्या सकाळी आधी ते स्वतः भदंत चंद्रमणींपुढं उभे राहिले, त्रिशरण-पंचशील घेतलं, आणि मग लोकांकडं वळले. हिंदू म्हणून मरणार नाही असं येवल्यात बोलले ते १९३५ ला. मधली २१ वर्षं वाचण्यात आणि पारखण्यात गेली. सहा आठवड्यांच्या कोर्ससाठी तो दाखला देऊ नकोस गं.

शिकवणाऱ्याच्या अंगावर भिक्खूचं चीवर असलंच पाहिजे, असंही माझं म्हणणं नाही. विपश्यना शिकवणारे गोएंका गुरुजी व्यापारी. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल, आणि त्यांचे गुरू सया तैजी शेतकरी. सगळे प्रपंचातले. पण गुरुजी पहिल्यांदा शिबिराला बसले १९५५ ला आणि भारतात शिकवायला आले १९६९ ला, तेही गुरूंनी सांगितल्यावर. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, तर भिक्खूलासुद्धा उपाध्याय होऊन दुसऱ्याला दीक्षा द्यायला १० वर्षावास, म्हणजे भिक्खू म्हणून १० पावसाळे, लागतात, आणि नुसती वर्षं भरून चालत नाही, अंगात ती कुवतही लागते. आपल्या तालमीत डाव तोंडानं कुणीही सांगतं. पोराची मान चुकीची अडकलीय हे लांबून बघून “सोड!” म्हणायला मात्र वस्तादच लागतो.

हे उगाच लिहीत नाही. तुझ्या आईच्या भिशीतल्या एक काकू असल्याच एका ‘मास्टर’कडं जात होत्या. चार-पाच बैठकांनंतर त्यांची झोप उडाली. डोळे मिटले की छातीत धडधड, हातातला चहाचा कप बशीत वाजायचा. मास्टर म्हणाले, जुने संस्कार बाहेर पडतायत, आनंद माना, पुढच्या लेव्हलला बसा. वर डॉक्टरांनी दिलेली गोळीही बंद करायला सांगितली. शेवटी मुलानं उचलून डॉक्टरकडं नेलं. आळत्याला, रामलिंगाच्या डोंगराजवळच्या धम्मालय या विपश्यना केंद्रात, फॉर्म भरतानाच विचारतात: मानसिक त्रास झालाय का, औषधं कुठली चालू आहेत? तुला तेव्हा ते प्रश्न चौकशीखोर वाटले होते.

पत्रकात आणखी एक ओळ आहे, ‘स्रोतापन्न गुरूंकडून थेट’, म्हणजे मुक्तीच्या वाटेवरची पहिली पायरी गाठलेल्या गुरूंकडून. ही जाहिरात नवी नाही. बुद्धांच्या काळी वज्जींच्या देशात दुष्काळ पडला तेव्हा वग्गुमुदा नदीकाठच्या भिक्खूंनी हीच शक्कल काढली. गृहस्थांपुढं एकमेकांची तारीफ करायची: याला अमुक ध्यान साधलंय, त्याला तमुक फळ मिळालंय. लोकांनी पोराबाळांच्या तोंडचं काढून त्यांना वाढलं. पावसाळा संपल्यावर बाकीचे भिक्खू वाळलेले आणि हे तेवढे गुटगुटीत. त्यावरून नियम झाला, चौथा पाराजिक, म्हणजे भिक्खूंसाठीच्या सगळ्यात कडक नियमांतला: न साधलेलं साधलं म्हणून जाणूनबुजून सांगणारा संघाबाहेर. साधलेलं खरं असलं, तरी गृहस्थांपुढं त्याची वाच्यता करणं दोषच. तुझ्या मास्टरांनी ते पत्रकात छापलंय.

आणि मला सगळ्यात आवडते ती प्रसेनजित राजाची गोष्ट. श्रावस्तीत राजा बुद्धांजवळ बसला होता. समोरून जटाधारी, नग्न साधू, परिव्राजक चालले होते, नखं वाढलेली, खांद्यावर कावड. राजा उठला, गुडघा टेकून हात जोडले आणि तीनदा आपलं नाव सांगितलं. मग येऊन बुद्धांना म्हणाला, जगात जे कोणी अर्हंत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेले, आहेत त्यांतले हे. बुद्ध म्हणाले, तुझ्यासारख्या प्रपंचातल्या माणसाला ते ओळखणं अवघड. शील कळतं ते सोबत राहून, तेही पुष्कळ दिवसांनी आणि लक्ष दिलं तर. सचोटी व्यवहारात कळते, धीर संकटात, शहाणपण चर्चेत. तेव्हा राजानं खरं सांगून टाकलं. ती सगळी त्याचीच माणसं, हेरगिरी करून परतलेली. आता घरी जाऊन धूळ धुतील, दाढी करतील, पांढरे कपडे घालतील आणि चैन करतील! सुत्तात इतकं मिश्कील काही असेल असं मला वाटलंच नव्हतं.

ऑनलाइन वर्गात यातलं तुला काय कळणार? सोबत राहणं नाही, संकट नाही, चर्चेला चॅटबॉक्स. व्यवहार तेवढा एक होईल, फी भरण्याचा.

तर ते पैसे मी देत नाही. तुझ्या बसण्याला माझी ना नाही, बसतेस ते मला आवडतं. विहारातले काही जण म्हणतात, डोळे मिटून काय होणार, आधी पोरांच्या शाळेचं बघा. मला ते अर्धं पटतं, पण त्यासाठी तू बसणं सोडावंस असं नाही. आळत्याला पुन्हा दहा दिवस बस, एखाद्या शिबिरात सेवा दे. फी नाहीच तिथं, शिबिर संपल्यावर मनाला येईल ते दान.

त्या मास्टरांना मात्र एक मेल टाक. तुम्ही कुणाकडं शिकलात, किती वर्षं, आणि शिकवा म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं? वर्गात एखादीला त्रास व्हायला लागला तर तुम्ही काय करता, तेही विचार. उत्तर येईल ते जसंच्या तसं मला पाठव. तोवर हॉलवाल्याला मी तारीख देत नाही.

तुझा,
आप्पा

ता. क. आई विचारतेय, गेल्या वेळचे लोणच्याचे डबे परत आणणार आहेस का.