पूल रिकामा झाल्यावर काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतील कनेक्शन पूलविषयीचा (म्हणजे डेटाबेसशी आधीच उघडून ठेवलेल्या, आळीपाळीने वापरायच्या जोडण्यांच्या साठ्याविषयीचा) लेख मी दोनदा वाचला, कारण मूळ मुद्दा माझ्याच नजरेतून निसटला असावा, अशी शंका आली. तो लेखात नव्हताच. कोणती लायब्ररी (हा साठा सांभाळणारा तयार कोड) किती मायक्रोसेकंदांत कनेक्शन हाती देते, याचा तक्ता लेखकमहाशयांनी मोठ्या हौसेने दिला आहे. पण डेटाबेसला केलेली पुढची विचारणा, म्हणजे क्वेरीच, जिथे पन्नास मिलिसेकंद खाते, तिथे या शर्यतीचे कौतुक कोणी करायचे? शिवाय 2018 साली आलेल्या 2.0 आवृत्तीपासून जावा प्रोग्रामसाठीचा स्प्रिंग बूट हा सांगाडा हिकारीसीपी ही पूल लायब्ररी आपणहूनच जोडून देत असल्याने अनेकांची निवड कधीच होऊन गेली आहे.

विचारायला हवे ते हे, की पूल रिकामा झाल्यावर लायब्ररी काय करते? एका संस्थेच्या शुल्कभरणा प्रणालीत आम्ही कॉमन्स डीबीसीपी 2 ही दुसरी पूल लायब्ररी वापरत होतो, तीही डीफॉल्ट सेटिंगला हात न लावता. म्हणजे कमाल आठ कनेक्शने आणि वाट पाहण्याला मुदत नाही. अहवालाच्या कोडमध्ये एक्सेप्शन (काम मध्येच तोडणारी त्रुटी) आले की कनेक्शन परत न करताच बाहेर पडणारी एक वाट राहून गेली होती. आठ वेळा तसे झाले की नववा रांगेत उभा, त्याच्यामागे बाकीचे, आणि लॉगमध्ये एक ओळ नाही. तीन आठवडे आम्ही रोज दुपारी टॉमकॅट हा सर्व्हर रीस्टार्ट करत होतो आणि डेटाबेसवाल्यांशी भांडत होतो. त्यांच्या पडद्यावर मात्र आमची आठही कनेक्शने 'स्लीप' अशा नोंदीसह निवांत पडलेली असत. अखेर थ्रेड डम्प (प्रोग्रामचा प्रत्येक थ्रेड, म्हणजे कामाचा धागा, त्या क्षणी कुठे आहे याची नोंद) काढला, तेव्हा सगळे थ्रेड पूलकडून कनेक्शन मागणाऱ्या 'बॉरोऑब्जेक्ट'पाशी अडकलेले सापडले.

चूक आमचीच होती. पण हिकारीने तीस सेकंदांनी एक्सेप्शन फेकून पहिल्याच दुपारी बोंब मारली असती, आणि 'लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड' (कनेक्शन किती वेळ परत न आल्यास इशारा द्यायचा ती मर्यादा) लावलेला असता तर कनेक्शन कोणी अडवले तेही लॉगमध्ये उमटले असते. ही सोय मुळात बंद असते, एवढे एक वाक्य त्या तक्त्याखाली सहज मावले असते.

जाता जाता, लेखासोबत नदीवरच्या दगडी पुलाचे छायाचित्र कोणी निवडले? आमच्या पूलवरून बैलगाड्या जात नाहीत, महोदय.

आपली नियमित वाचक,
नाशिक