वाद्यं पुन्हा सुरात आणू या : मिरजेतल्या आमच्या शालेय वाद्यवृंदासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

जुलैमध्ये सलग चार दिवस पावसानं उसंत दिली नाही. शाळेला सुट्टी होती. पाचव्या दिवशी वाद्यवृंदाचे सर आणि आम्ही दोघी पालक वाद्यांची खोली उघडायला गेलो, तर कुलूप काढताच कुबट वास आला. छपराच्या पत्र्याच्या सांध्यातून पाणी झिरपून भिंतीवरून थेट मांडणीवर उतरलं होतं. खालच्या दोन फळ्या ओल्याचिंब होत्या. तबल्यांच्या चुंबळी पाणी पिऊन फुगल्या होत्या आणि एका पेटीच्या झाकणावर पांढरी बुरशी धरली होती. सर काही बोलले नाहीत. त्यांनी एक तबला उचलला, रुमालानं पुसला, बोटानं हलकेच टिचकी मारली. ओल्या पुठ्ठ्यावर मारावं तसा आवाज आला.

मे महिन्याच्या सुट्टीत छप्पर बघून घ्यायचं आम्ही पालक समितीच्या बैठकीत ठरवलं होतं. ते राहून गेलं. ही चूक आमची आहे आणि ती आधी कबूल करूनच तुमच्यापुढे हात पसरतो आहोत. छप्पर आता दुरुस्त झालं आहे, वाद्यं मात्र अजून तशीच आहेत.

आमच्या वाद्यवृंदात पाचवी ते नववीची ४२ मुलं आहेत. सहा पेटीवर, आठ तबल्यावर, नऊ व्हायोलिनवर आणि अकरा बासरीवर. दोघं तानपुऱ्याला बसतात, एक मुलगी जलतरंग वाजवते, एक मुलगा ढोलकी, आणि चौघं टाळ, झांज, घुंगरू सांभाळतात. यातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी वाद्य नाही. ती शाळेतल्याच वाद्यावर शिकतात आणि शाळेतल्याच वाद्यावर रियाज करतात. यासाठी त्यांच्याकडून एक रुपयाही फी घेतली जात नाही, पुढेही घेतली जाणार नाही. शाळा अनुदानित आहे, पण वाद्यांसाठी वेगळी तरतूद नाही. आजवर जे जमलं ते पालकांच्या वर्गणीतून आणि माजी विद्यार्थ्यांच्या प्रेमातून.

नुकसान किती झालं ते सांगतो. आठपैकी पाच तबला जोड्यांच्या पुड्या, म्हणजे तोंडावरची कातडी, गेल्या. शाई म्हणजे पुडीवरचा काळा गोल, लोखंडाचा कीस आणि खळ यांचे एकावर एक घोटलेले थर. त्यात पाणी शिरलं की तिचे कण सुटू लागतात, तसा तबला पुन्हा सुरात येत नाही, पुडीच बदलावी लागते. सहापैकी चार पेट्यांचे भाते उकलले आणि आतल्या काही स्वरपट्ट्या, म्हणजे हवेनं वाजणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या, बिघडल्या. नऊपैकी सहा व्हायोलिन सांध्यात उकलली, कारण ती ज्या सरसानं जोडलेली असतात तो ओलीत मऊ पडतो. त्यातली तीन दुरुस्त होतील, तीन होणार नाहीत. दोन तानपुऱ्यांपैकी एकाच्या भोपळ्याला चीर गेली. जलतरंगाची मांडणी कोसळून काही वाट्या फुटल्या. बासऱ्या तेवढ्या वाचल्या, कारण त्या मुलांच्या दप्तरात होत्या!

तानपुरे दाखवायला आम्ही ते सतारमेकर गल्लीत घेऊन गेलो. तिथल्या एका बुजुर्ग कारागिरांनी दोन्ही तानपुरे आडवे ठेवले आणि भोपळ्यावर सगळीकडून बोटाच्या पेरानं ठोकत, कान लावून ऐकत गेले. पहिल्यापाशी मान डोलावली. दुसऱ्याच्या बुडाशी थांबले, तिथेच पुन्हा दोनदा ठोकलं, आणि म्हणाले, "दांडी चांगली आहे, ताई. भोपळा बदलू. पोरांचं वाद्य आहे, मजुरी मी धरत नाही, सामानाचं तेवढं द्या." असे भोपळे पंढरपूरकडून येतात. ते निवडायचे, पोखरायचे, वाळवायचे आणि मग दांडीशी बसवायचे, म्हणजे हे घाईनं उरकणारं काम नव्हे.

आपलं गाव काय आहे, हे मिरजकरांना सांगायला नको. पण हे आवाहन बाहेरगावी आणि परदेशी असलेल्या आपल्या माणसांपर्यंतही जाणार आहे, म्हणून थोडं लिहिते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली आणि ती कला पिढ्यान्‌पिढ्या त्याच गल्लीत टिकली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. किराणा घराण्याचे थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथेच राहिले. १९३७ साली ते गेले तेव्हा त्यांना इथेच दर्ग्याच्या आवारात दफन केलं, आणि आजही उरुसात तिथे मोठमोठे कलावंत हजेरी लावतात. वाद्यदुरुस्तीतही खाँसाहेबांचा हात चालायचा, असं जुनी माणसं सांगतात. कुरुंदवाडचा एक मुलगा लहानपणी फटाक्यांच्या दारूकामात डोळ्यांना इजा झाली म्हणून उपचारांसाठी मिरजेला आला, इथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकला आणि पुढे १९०१ साली त्यानं लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ते विष्णू दिगंबर पलुसकर. त्यांच्याच परंपरेतून सुरू झालेल्या गांधर्वच्या प्रारंभिक परीक्षेला यंदा आमची अकरा मुलं बसणार आहेत. त्यातल्या पाच जणांकडे आज वाजवण्याजोगं वाद्य नाही. देशभराच्या मैफलींना तानपुरे पुरवणाऱ्या गावात हे व्हावं, याची आम्हाला मनापासून खंत वाटते.

आता सराव कसा चालला आहे ते पालकांसाठी सांगते. सोमवार आणि गुरुवार, शाळा सुटल्यावर सव्वा तास, चित्रकलेच्या वर्गात. उरलेल्या तीन तबला जोड्यांवर आठ मुलं आळीपाळीनं बसतात. ज्याची पाळी नाही तो बाकाच्या कडेवर बोल वाजवतो. परवा मी मुलीला आणायला गेले तेव्हा सहावीतला एक मुलगा डोळे मिटून बाकावर 'धा तिरकिट' घोटत होता. त्याची बोटं अगदी बरोबर पडत होती आणि लाकडातून नुसता टक टक आवाज येत होता. जलतरंगवाल्या मुलीनं आईच्या कपाटातल्या चिनी मातीच्या वाट्या आणल्या आहेत. सरांनी मुलांना मध्य प्रदेशातल्या मैहरची गोष्ट सांगितली होती. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी तिथे अनाथ मुलांना जमवून वाद्यवृंद उभा केला आणि बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचा नळतरंग बनवला. ते ऐकून दुसऱ्या दिवशी मुलांनी घरून मिळेल ती वाटी, पेला, ताट आणून वाजवून पाहिलं. स्टीलच्या वाट्यांचा आवाज कर्कश लागतो हे त्यांचं त्यांनाच कळलं.

व्हायोलिनची अडचण मात्र अशी भागत नाही. हे वाद्य मुलाच्या हाताच्या मापाचं लागतं. आठवीतली एक मुलगी, आमच्यातली सगळ्यांत सुरेल, सध्या पाचवीतल्या मुलांसाठी घेतलेल्या अर्ध्या मापाच्या व्हायोलिनवर वाजवते आहे, कारण मोठ्या मापाची गेली. तिचा डावा हात कोपरात इतका मुडपतो की तासाभरानं तिला मनगट चोळत बसावं लागतं. बोटं तारेवर दाटीवाटीनं पडतात आणि स्वर निसटतो. तिला तो निसटलेला स्वर ऐकू येतो, ती थांबते, पुन्हा लावते. तक्रार तिनं एकदाही केलेली नाही.

काही हितचिंतकांनी विचारलं, "एक चांगला की-बोर्डच का घेत नाही? ना भिजायची भीती, ना सुरात मिळवायची कटकट." भावना चांगली आहे, त्यांचे आभार. पण आमचं मत वेगळं आहे. आमच्या सरावाची पहिली दहा मिनिटं मुलं वाद्यं एकमेकांशी सुरात मिळवतात. पेटीच्या काळी एकशी, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराशी, तबला जुळेपर्यंत हातोडीनं पुडीच्या कडेचं एकेक घर ठोकायचं, व्हायोलिनच्या खुंट्या पिळायच्या, तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा जरासा सरकवून जवारी, म्हणजे तारेची गुंजन, बोलती करायची. त्या दहा मिनिटांत मुलं दुसऱ्याचं ऐकायला शिकतात. पेटीचा स्वर तिथल्या तिथे बदलता येत नाही, म्हणून बाकी सगळ्यांना तिच्याकडे यावं लागतं. म्हणूनच पेटीची एक स्वरपट्टी उतरली तर अख्खा वृंद बेसूर होतो. पेटी दुरुस्त करणारे काका मुलांना दाखवत होते : पट्टीच्या टोकाकडे किंचित घासलं की स्वर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. तिसऱ्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "जास्त घासलं तर?" काका म्हणाले, "मग नवी पट्टी." तेव्हापासून मुलं पेटीला फार जपून हात लावतात.

खर्चाचा अंदाज कारागिरांकडून घेतला आहे. तबल्याच्या पाच जोड्यांच्या पुड्यांना १२,५०० रुपये. चार पेट्यांच्या दुरुस्तीला १८,०००. तीन व्हायोलिनच्या दुरुस्तीला ४,५०० आणि गजासकट नवीन तिनांना १९,५००. तानपुऱ्याचा भोपळा, तारा आणि रंगकाम मिळून ९,०००. भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून उंच ठेवता येतील अशी दोन लोखंडी कपाटं २४,०००. गवसण्यांच्या, म्हणजे वाद्यांच्या कापडी खोळींच्या, कापडाला ३,५००. एकूण ९१,००० रुपये. यातले १९,३०० पालकांनी दिले आहेत आणि मुलांनी घरोघर फिरून जमवलेल्या रद्दीचे ४,२०० आले. म्हणजे ६७,५०० रुपये अजून हवे आहेत.

रक्कम कितीही असू द्या. एका तबला जोडीच्या पुड्यांचा खर्च अडीच हजार होतो, तो एखाद्या मित्रमंडळानं मिळून उचलला तरी एका मुलाचा हात बाकावरून तबल्यावर येतो. शंभर रुपयांचीही पावती मिळेल. आमची समिती नोंदणीकृत न्यास नाही, त्यामुळे आयकरात ८०जी खालची सवलत मिळणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. देणगी शाळेच्या कार्यालयात कामाच्या वेळेत रोख किंवा धनादेशानं द्यावी. प्रत्येक बिलाची प्रत कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावली जाईल. कोणत्या वाद्यावर किती खर्च झाला हे कुणालाही पाहता येईल.

पैशाखेरीज आणखी काही मागायचं आहे. मिरज-सांगलीतल्या कितीतरी घरांत माळ्यावर एखादी पेटी असते. आजोबा वाजवायचे, मग कुणी वाजवलीच नाही. काढून टाकायला जीव होत नाही आणि ठेवायला जागा नसते. ती आम्हाला द्या. बंद असली तरी चालेल, जमली तर दुरुस्त करू, नाहीतर तिच्या स्वरपट्ट्या दुसऱ्या पेटीला कामी येतील. मुलांनी सोडून दिलेलं व्हायोलिन, वापरात नसलेला डग्गा, इलेक्ट्रॉनिक तानपुरा, सगळं हवं आहे. वाद्य कायमचं द्यायचं नसेल तर शालेय वर्षापुरतं द्या, आम्ही तसं लिहून देऊ. वाद्याच्या आतल्या बाजूला तुमच्या घरातल्या त्या वाजवणाऱ्या माणसाचं नाव लिहून ठेवू. ज्यांनी आयुष्यभर भजनी मंडळात, नाटकात, मेळ्यात साथ केली आणि आता निवृत्त आहेत, त्यांनी महिन्यातून एक गुरुवार मुलांजवळ येऊन बसावं, एवढीच विनंती. सर एकटे आहेत आणि वाद्यं इतक्या तऱ्हेची आहेत.

पालकांना दोन कामं. गवसण्या आपण घरीच शिवणार आहोत. कापड बेतून ठेवलं आहे, ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांनी शनिवारी सकाळी शाळेतून न्यावं. मागच्या खेपेला एका आजींनी आठ गवसण्या शिवून, प्रत्येकीला आतून जुन्या सुती साडीचं अस्तर लावून दिलं होतं. त्यातलीच एक त्या वाचलेल्या तानपुऱ्यावर होती. दुसरं काम नजर ठेवण्याचं. बासरी उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू देऊ नका, बांबू तडकतो. आणि व्हायोलिनवाल्या मुलांच्या डाव्या हाताची नखं दर रविवारी कापा.

घाई का, असं विचाराल तर उत्तर हवेत आहे. पुडीचं कातडं, सरस, भोपळा या सगळ्यांना कोरडी हवा आणि ऊन लागतं. ऑक्टोबरच्या उन्हात झालेलं काम पुढची कितीतरी वर्षं टिकतं. दिवाळीआधी वाद्यं कारागिरांच्या हाती गेली तर मुलांना सुट्टीनंतर लगेच ती मिळतील आणि २६ जानेवारीला मैदानावर ४२ जण एकत्र बसून वाजवू शकतील. त्या दिवसासाठी सरांनी भूप रागातली एक द्रुत रचना बसवायला घेतली आहे. बासऱ्यांचा भाग तयार आहे. तबल्याची तिहाई, म्हणजे शेवटी तीनदा येणारा तुकडा, अजून बाकावरच वाजते आहे.

घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत रोज संध्याकाळी पाच ते सात समितीचं कुणी ना कुणी शाळेच्या फाटकापाशी वाद्यं स्वीकारायला बसलेलं असेल. ज्यांना आणणं शक्य नाही त्यांनी कार्यालयात निरोप ठेवावा, आम्ही टेम्पो घेऊन येऊ. पेटी आणणाऱ्यांना एक विनंती : भाता मिटून त्याच्या कड्या नीट लावा आणि पेटी उभी न ठेवता मांडीवर आडवी घेऊन बसा. रस्त्याच्या हादऱ्यांनी आतल्या स्वरपट्ट्या सुटतात.

आपली,
शालेय वाद्यवृंद पालक समिती, मिरज