डागी हिऱ्याची किंमत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुजरीत गेली ३१ वर्षं मी दागिन्यांत हिरे बसवतो. भिंगाखाली हिऱ्यात काळा ठिपका दिसला की गिऱ्हाईक नाक मुरडतं, आम्हीही तो खडा बाजूला सारतो. पण २०१४ साली ब्राझीलच्या अशाच एका तपकिरी, बाजारात कवडीमोल हिऱ्याच्या पोटात शास्त्रज्ञांना रिंगवुडाइट सापडलं. हे खनिज जमिनीखाली ५०० ते ६६० किलोमीटरवर असतं. त्या कणात शेकडा एकाच्या आसपास पाणीही अडकलेलं होतं! माणसानं खणलेलं सर्वांत खोल भोक रशियातलं, कोलाचं, तेही जेमतेम सव्वाबारा किलोमीटर.

प्रयोगशाळेत हा खोलवरचा दाब तयार करतात तोही हिऱ्यांनीच. दोन हिरे टोकाला टोक भिडवून बसवायचे. टोकं घासून सपाट केलेली, मिलिमीटरहूनही लहान. मध्ये पातळ पत्रा, पत्र्याला बारीक छिद्र, छिद्रात खनिजाचा कण. मग स्क्रू आवळायचे. चपलेच्या कातड्यात आरी शिरते, अंगठा शिरत नाही, तेच हे गणित. पृथ्वीच्या केंद्राशी हवेच्या ३६ लाख पट दाब आहे, तो या मुठीत मावणाऱ्या साच्यात गाठता येतो. हिरा पारदर्शक, म्हणून त्यातून लेसर सोडून कण हजारो अंशांपर्यंत तापवतात आणि क्ष-किरणांनी त्याची रचना पाहतात. टोकं जराशी वाकडी बसली तरी हिरे फुटतात. ही धास्ती माझ्या बोटांना ठाऊक आहे.

आता आपल्या राज्यातली गोष्ट. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला उल्का पडली. तिच्यात भारतीय शास्त्रज्ञांना ब्रिजमनाइट सापडलं. अख्ख्या पृथ्वीत सर्वांत जास्त असलेलं हे खनिज, पण ६६० किलोमीटरच्या खाली. वर आपल्या हाती लागत नाही. अंतराळातल्या टकरीच्या दाबानं उल्केतलं ऑलिव्हिन नावाचं हिरवट खनिज मोडलं आणि हे तयार झालं. ऑलिव्हिन तर आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडातही थोडंफार असतं.

हे इथल्या किती मुलांना माहीत आहे? माझा नातू पृथ्वीचं चित्र काढतो तेव्हा कवचाखाली थेट तांबडा रस रंगवतो. कवचाखालचं २९०० किलोमीटरपर्यंतचं प्रावरण बहुतांश घट्ट खडकाचं आहे, हे मलाही पन्नाशीनंतर कळलं, याचं वाईट वाटतं.

काटोलच्या दगडावर आणि या हिऱ्यांच्या साच्यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत चित्रांसह एक पूर्ण पान द्यावं, ही कळकळीची विनंती. कोणत्याही शाळेनं बोलावलं तर दोन डागी खडे आणि भिंग घेऊन मी येईन. शनिवारी सकाळची शाळा असते, ती वेळ मला जमेल.

आपला,
एक जडाव कारागीर, गुजरी, कोल्हापूर