टायर तेलाच्या दाखल्यावर उकळण्याचा आलेख हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टाकाऊ टायर हवेशिवाय तापवून काढलेले पायरोलिसिस तेल भट्टीत जाळणाऱ्या एका कारखान्यात मी देखभालीचे काम पाहत असे. तेल पातळ व्हावे म्हणून ते पंपाच्या आधीच तापवले जाई. एकदा नवा टँकर आला आणि पंप खडखडू लागला, दाबमापकाचा काटा थरथरू लागला, ज्योत वारंवार विझू लागली. टँकरसोबतच्या दाखल्यावर घनता आणि उष्मांक एवढे दोनच आकडे होते व ते नेहमीसारखेच होते. तेलातला हलका भाग मात्र पंपाच्या तोंडाशीच उकळत होता.

या तेलात शेकडो घटक असतात. बेंझीन 80 अंशांना, टोल्युइन 111 अंशांना, तर नैसर्गिक रबरातून आलेले लिमोनीन 176 अंशांना उकळते. जड भाग 350 अंशांच्याही पुढे जातो. गुऱ्हाळात पाणी उडत जाते तसा काहिलीतला रस अधिकाधिक तापतो आणि 118 अंशांच्या सुमारास गुळव्या काहील उतरवतो, हे आपण पाहिलेले आहे. तिथे वाफ केवळ पाण्याची असते; तेलात मात्र प्रत्येक घटक आपापल्या वाट्याने वाफेत जातो, म्हणून हिशेब फार अवघड होतो.

सगळे घटक मोजणे शक्य नसल्याने ऊर्ध्वपातनाच्या आलेखाचे (तेल तापवत नेल्यावर कोणत्या तापमानापर्यंत किती भाग उडतो ते दाखवणारा आलेख) पंधरा-वीस तुकडे करून प्रत्येकाला एक काल्पनिक घटक मानतात आणि पेंग-रॉबिन्सन यांच्या 1976 च्या समीकरणाने बाष्प-द्रव समतोल, म्हणजे कोणत्या तापमानाला व दाबाला किती भाग वाफ होतो आणि किती द्रव राहतो ते, काढतात. ही पद्धत उत्तम आहे, पण त्या घटकांचे गुणधर्म ठरवणारी प्रचलित सूत्रे प्रामुख्याने खनिज तेलावर बेतलेली आहेत. टायर तेलात अ‍ॅरोमॅटिक (बेंझीनसारखी वलयी), गंधकयुक्त व नायट्रोजनयुक्त संयुगे बरीच असल्याने दोन-तीन तापमानांना बाष्पदाब (तेलाच्या वाफेचा दाब) प्रत्यक्ष मोजून समीकरण जुळवून घेतल्याशिवाय संगणकाच्या उत्तरावर पंप किंवा टाकी ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे.

शिरोली, गोकुळ शिरगाव येथील उद्योजकांनी असे तेल घेताना प्रत्येक टँकरसोबत ऊर्ध्वपातनाचा आलेख मागावा आणि जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हे मापन विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत घ्यावे, ही विनंती. नोंदीत त्या दिवशीचा वायुदाबही लिहावा; कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर असल्याने येथे पाणीसुद्धा 98 अंशांच्या आसपास उकळते, आणि तेवढी दुरुस्ती केल्याशिवाय इथला आलेख मुंबईच्या आलेखाशी ताडता येणार नाही.

आपला,
एक वाचक, उद्यमनगर, कोल्हापूर