काका, विमानाचं काउलिंग बसलं. मनापासून आभार!

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही लगेच पावसाचा विषय काढता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

आम्ही घरी बांधत असलेल्या आरव्ही-७ या छोट्या विमानाच्या पत्रेकामात मी कधी फारसा अडलो नाही. रिव्हेट चुकला की ड्रिल मारून काढायचा, नवा ठोकायचा. इंजिनावरचं झाकण, म्हणजे काउलिंग, मात्र फायबरचं. वरचा आणि खालचा असे दोन भाग एकमेकांना जुळायला हवेत, मागे फायरवॉलशी (इंजिनामागची आगरोधक भिंत) आणि पुढे स्पिनरशीही (पंख्याच्या मधली टोपी) जुळायला हवेत. खालच्या भागाची कड मी जरा जास्तच कापली. ती भरायला फायबरच्या कापडाचे आणि इपॉक्सी रेझिनचे थर चढवले तेव्हा ओहायोतली थंडी गॅरेजात शिरलेली. लवकर सुकावं म्हणून हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारा द्रव, थोडा वाढवला. तीन दिवसांनीही बोटाला चिकटत होतं.

तुम्ही मुलीकडे आला होता, आमच्याकडे चहाला आलात. रत्नागिरीत चाळीस वर्षं फायबरच्या होड्या केलेला माणूस! कडेवरून बोट फिरवून म्हणालात, "बाबा रे, हे सगळं खरवडायला लागणार." मग नीट समजावलंत. होडीच्या पॉलिस्टर रेझिनला थंडीत हार्डनर जरा वाढवून चालतो. इपॉक्सीचं तसं नाही. तिथे रेझिन आणि हार्डनर ठरल्या मापातच एकमेकांत गुंततात, माझ्या डब्यांचं माप पाचास एक. जास्तीचा हार्डनर नुसताच आत पडून राहतो. थंडी असेल तर खोली तापवायची, मापाला हात लावायचा नाही.

त्यानंतरच्या तीन संध्याकाळी तुम्ही गुडघे दुखत असतानाही माझ्या शेजारी उभे राहिलात, आणि ब्रश माझ्याच हातात ठेवलात. इथल्या नियमाने अशा विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा हौसेपोटी केलेलं असावं लागतं. पण तुम्हाला तो नियम कुठे ठाऊक होता? मला यायला हवं, एवढंच तुमच्या मनात होतं.

कापड तिरकं, ४५ अंशांत कापायला लावलंत, आणि ते गोलाईवर चुणी न पडता बसलं. ब्रश घासायचा नाही, टोचत जायचं. पांढरं कापड हळूहळू काचेसारखं आरपार दिसायला लागलं. एका कोपऱ्यात नखाएवढा पांढरा ठिपका राहिला होता, तो तुम्ही चष्मा वर करून शोधलात. आत हवा होती. वर रेझिनचं तळं साचलं होतं तेही टिपायला लावलंत, कारण ते नुसतं वजन. सुकल्यावर रुपयाच्या नाण्याने कडेकडेने टकटक करत गेलात. सगळीकडे खणखणीत आवाज, एका जागी बद्द. तेवढा तुकडा पुन्हा केला.

परवा दोन्ही भाग चढवले. बिजागरीची लांब पिन पक्कड न लावता हाताने सरकत गेली. स्पिनरभोवतीची फट सगळीकडून सारखी आहे. रंगाआधी बारीक भोकांत लांबी (पुट्टी) भरायची तेवढी राहिलीय.

काका, ते खरवडताना मी पार खचलो होतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही आला नसतात तर काउलिंग कोपऱ्यात पडून राहिलं असतं, हे खरंच सांगतो.

फोटो पाठवतोय, मोठा करून कड बघा. काही खटकलं तर लगेच सांगा, अजून रंग दिलेला नाही. काकूंना नमस्कार.