भाडेकरारात एक ओळ वाढवा: गृहनिर्माण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी पुण्यात भाड्याने राहते, नऊ वर्षांत हे पाचवं घर. घर बघायला गेलं की एजंट विचारतो फॅमिली की बॅचलर, व्हेज की नॉनव्हेज, कुत्रा-मांजर आहे का, एकाने तर गाव कुठलं तेही विचारलं. घरात सिगारेट कोणी ओढतं का हे आजवर एकानेही विचारलं नाही. आणि वर-खाली कोण ओढतं का हे मीही कधी विचारलं नाही, ती चूक माझीच.

आता रोज रात्री साडेअकराच्या सुमारास बाथरूमच्या डक्टमधून धूर येतो. मुलाला दम्याचा त्रास आहे, पंप उशाशीच असतो. वरचा मुलगा खरंच चांगला आहे हो, सांगितलं तर सॉरी म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून गॅलरीत ओढायला लागला, मग तो धूर आमच्या बेडरूमच्या खिडकीत! सेक्रेटरी म्हणतात त्याच्या घरात तो काय करतो ते आम्ही कसं सांगणार. तेही बरोबरच, कारण २००३ चा तंबाखूचा कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनचे नियम सार्वजनिक जागांसाठी आहेत, ऑफिस, हॉटेल, थिएटर वगैरे. वरचा फ्लॅट त्यात बसत नाही.

मला बंदी नकोय. घराघरात पोलीस पाठवा असं तर अजिबात म्हणत नाहीये, आणि बॅचलर मुलांना नाकारायला मालकांना अजून एक कारण मिळेल ही भीती मलाही आहे. माणूस ओढतो की नाही हे विचारूच नका, फक्त "या घरात धूम्रपान करायचं नाही, मालक व भाडेकरू दोघांना मान्य" अशी ऐच्छिक ओळ भाडेकराराच्या नमुन्यात टाका, हो किंवा नाही. करार नोंदणीचं काम महसूलकडे आहे, तुमच्याकडे नाही, माहितीये, पण तुम्ही शब्द टाकलात तर होईल ना. आणि २०२५ च्या गृहनिर्माण धोरणात नोकरदार महिला, विद्यार्थी यांच्या भाड्याच्या घरांबद्दल लिहिलंयत, त्यातली एखादी नवी इमारत पहिल्या दिवसापासून धूरमुक्त ठेवून बघा, तिथे कोणाची सवय मोडायची नाहीये.

अमेरिकेतही असंच झालं. सरकारी भाडेघरांना २००९ मध्ये आधी नुसतं सुचवलं की स्वेच्छेने करा, बऱ्याच ठिकाणी झालं, आणि सक्ती आली ती थेट २०१८ मध्ये. न्यूयॉर्क शहरात तर २०१८ पासून तीन किंवा जास्त घरं असलेल्या इमारतीने सिगारेटबद्दल आपलं धोरण काय ते भाडेकरूला लेखी द्यायचं, बस्स. ओढायची परवानगी आहे असं लिहिलं तरी चालतं, पण माणूस आधी वाचून ठरवू तरी शकतो.

मालकांचाही फायदाच आहे यात. आमच्या आधीच्या घरात भिंती पिवळ्या होत्या, दोन हात रंग मारला तरी पावसाळ्यात वास यायचा, आणि निघताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापले आमच्याच.

आमचे ११ महिने फेब्रुवारीत संपतायत. एजंटने जुनाच ड्राफ्ट पाठवलाय, त्यात भिंतीला खिळे ठोकू नयेत हे दोनदा आलंय. मी खाली धुराची ओळ घालून मालकीणबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, माझी काही हरकत नाही गं, पण असं करारात कुठे असतं का?

तुमची,
पुण्यातली एक भाडेकरू